परस्पर वळतं करू नये

परवा पोवई नाक्यावर माझी स्कूटर घसरली. गुडघा फुटला, नवी पँट फाटली आणि डब्यातली भेंडीची भाजी साताऱ्याच्या हमरस्त्यावर पसरली. मी रस्त्यात बसलेल्या अवस्थेतच पहिला गृहस्थ धावत आला, मला हात दिला आणि म्हणाला, "थोडक्यात निभावलं!"

आता मला सांगा, हा निकाल देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? गुडघा माझा, पँट माझी, भेंडी माझी. थोडक्यात निभावलं की जास्तीत, हे ठरवायला मला निदान पाच मिनिटं तरी द्यायला हवी होती. पण नाही. तिथून घरी पोचेपर्यंत मला असे चार जण भेटले. दुसरा म्हणाला, "हाड मोडलं नाही हे नशीब." तिसरा म्हणाला, "मागून एस.टी. आली असती तर?" खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "हेल्मेट होतं ना? मग काळजी नाही." वास्तविक मी डोक्यावर पडलोच नव्हतो. आणि घरात शिरल्यावर आमची ही म्हणाली, "बरं झालं, एकदाचे स्कूटरला नवे टायर तरी घालाल."

म्हणजे पोवई नाका ते आमचं घर एवढ्या अंतरात पाच माणसांनी मिळून माझ्या अपघाताचा ताळेबंद मांडला आणि त्यात चक्क नफा दाखवला. त्या नफ्यावर कोणी प्राप्तिकर मागितला नाही, एवढंच. मी मात्र त्या संध्याकाळी गुडघ्याला हळद लावून बसलो होतो आणि गुडघा दुखत होता. नफ्यात असूनही दुखत होता.

या लोकांना मी 'वळते करणारे' असं म्हणतो. तुमचं दुःख दिसलं रे दिसलं की हे कुठूनतरी एखादं सुख ओढून आणतात आणि त्यातून ते परस्पर वळतं करून टाकतात. उरलेली बाकी तुमच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, बघा, फार काही नाही.

बरं, दुःखापुरतंच हे असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. हीच माणसं सुखाच्या वेळी उलट दिशेने कामाला लागतात. घरात नवा फ्रीज आला की, "आता लाइटबिल बघा." बढती मिळाली की, "म्हणजे आता बदली." पोरगं हसायला लागलं की, "फार हसू नकोस, नंतर रडशील." लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारून, "चला, सुटला बिचारा स्वातंत्र्यातून," असं म्हणणारा एक तरी महाभाग असतोच. सुखाचा पेला ओठाला लागायच्या आत त्यात पाणी ओतलं नाही तर यांच्या पोटात दुखतं. एकूण काय, तुमच्याकडे कोणत्याही क्षणी शुद्ध सुख किंवा शुद्ध दुःख शिल्लक राहता कामा नये. कायम कोमट पाणी.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतो. २०२४ च्या करारानंतर आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. खुर्ची तीच आहे, तिचा एक हात तसाच निखळलेला आहे, फक्त नाव लांबलं. सांगायचा मुद्दा, हिशेब या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. आणि मी छातीठोक सांगतो, की हे वळतं करणं हिशेबशास्त्राला धरून नाही.

आमच्या महागाई भत्त्याचंच उदाहरण घ्या. बँकवाल्यांचा महागाई भत्ता दर तिमाहीला ठरतो. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. कामगारांसाठीचा जो ग्राहक किंमत निर्देशांक असतो त्याच्या सरासरीवर. निर्देशांक चढला की भत्ता चढतो. म्हणजे सकाळी भाजीबाजारात टोमॅटोचा भाव ऐकून ज्या माणसाच्या पोटात गोळा येतो, तोच माणूस दुपारी बँकेत निर्देशांकाचा आकडा ऐकून शेजारच्या टेबलाकडे बघून डोळा मारतो. टोमॅटो ज्याने खाल्ला तोही मीच, आणि भत्ता ज्याने खाल्ला तोही मीच. आता वळते करणारे म्हणतील, "मग काय, फिटंफाट!" अहो, कसली फिटंफाट? भत्ता वाढला म्हणून टोमॅटो मला स्वस्त वाटत नाही, आणि टोमॅटो महागला म्हणून पगाराच्या चिठ्ठीवरचा वाढीव आकडा बघून होणारा आनंद तसूभरही कमी होत नाही. मला दोन्ही होतं. सकाळी पूर्ण वाईट वाटतं आणि दुपारी पूर्ण बरं वाटतं. मधल्या वेळेत मी डबा खातो.

हिशेबाची पद्धत हेच सांगते. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती साधूने आपल्या गणिताच्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत लिहून काढली. अकरावीला आम्हाला ती पुस्तपालन या नावाखाली डोक्यात कोंबण्यात आली. तिचं सार एवढंच, की पानाच्या मधोमध एक रेघ असते. एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. प्रत्येक गोष्ट आपापल्या बाजूला, पूर्ण रकमेने लिहायची. घरभाडं आलं पाच हजार आणि दुरुस्तीला गेले पाच हजार, म्हणून 'काही घडलं नाही' असं कोणी वहीत लिहीत नाही. पाच हजार आले हेही लिहायचं आणि पाच हजार गेले हेही लिहायचं. मोठ्या कंपन्यांसाठीच्या लेखामानकांतसुद्धा स्पष्ट म्हटलंय, की मुभा असल्याशिवाय उत्पन्न आणि खर्च एकमेकांत वळते करून दाखवू नयेत. कारण तसं केलं की घडलं काय, हेच कोणाला कळत नाही.

बँकेला वळतं करायचा हक्क असतो, हे खरं. ठेव आणि थकलेलं कर्ज एकाच माणसाचं असेल तर बँक एकातून दुसरं वसूल करू शकते. पण त्यासाठीसुद्धा आम्ही आधी रीतसर पत्र पाठवतो. शेजारीपाजारी तेवढीही सवड देत नाहीत.

आणि वळतं करून झाल्यावर हे लोक जे समाधानाने मान डोलावतात ना, "म्हणजे शेवटी सगळं जुळतंच!" त्याला तर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे, असा समज फक्त नापास विद्यार्थ्यांचा असतो. एका खात्यावर शंभर रुपये जास्त नावे पडले आणि दुसऱ्या खात्यावर चुकून शंभर कमी पडले, तरी तेरीज छान जुळते. त्याला भरपाईची चूक म्हणतात. नोंदच करायची राहिली तरीही तेरीज जुळते, उलट अधिक सुरेख जुळते. चुका दोन्ही वहीत तशाच असतात, आणि साहेब खाली सही करून मोकळा होतो.

हे सगळं मी इतक्या तावातावाने सांगतोय, तेव्हा तुम्हाला वाटेल की हा माणूस स्वतः या पापापासून मुक्त असणार. मुळीच नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काउंटरवर एक बाई आल्या. तिशी-पस्तिशीच्या असतील. नवरा टेम्पो चालवायचा, छातीत कळ येऊन गेला होता. त्याच्या खात्यातून प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता कापला गेला होता, वर्षाचे ४३६ रुपये. त्याचे दोन लाख वारसाला मिळतात. पुष्कळांना आपला हप्ता कापला जातो हेच ठाऊक नसतं, त्यांनाही नव्हतं. पासबुक मीच उलटंपालटं करून ती नोंद शोधून काढली. मला त्या वेळी स्वतःचाच अभिमान वाटला. अर्ज पुढे सरकवत मी म्हणालो, "बरं झालं बघा, हा हप्ता गेला होता म्हणून. नाहीतर काहीच हाती लागलं नसतं."

बाई काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सायेब, सही कुठं करू?"

मी फुली मारून जागा दाखवली. संध्याकाळी घरी येऊन हा किस्सा मी चहाबरोबर मोठ्या फुशारकीने सांगितला, आपल्यामुळे एका कुटुंबाचं कसं भलं झालं वगैरे. बाई तेव्हा माझ्याकडे काय बघत होत्या, हे मला कळायला पुढे एक वर्ष लागलं. तेसुद्धा मला काउंटरच्या पलीकडे उभं राहावं लागलं म्हणून.

आमचे तीर्थरूप, म्हणजे अण्णा, पाटबंधारे खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन आमच्याच शाखेत. दर नोव्हेंबरला पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याची सही यादीवर करायची असते. अण्णा त्यासाठी खास इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि इतर सगळ्या खिडक्या मोकळ्या असल्या तरी माझ्याच रांगेत उभे राहायचे. त्यांचा नंबर आला की मी गंभीर चेहऱ्याने विचारायचो, "आपण हयात आहात का?" आणि ते तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "तुझी आई सांगते तसं समज."

२०१६ च्या नोव्हेंबरात तर नोटाबंदी. आठ तारखेला रात्री घोषणा झाली, नऊला बँका बंद, दहाला उघडल्या त्या थेट जत्रेतच. त्या गर्दीत अण्णा आले. मुलगा आत आहे म्हणून मागच्या दाराने ये म्हटलं तर ऐकेनात. तीन तास रांगेत उभे राहिले आणि खिडकीशी पोचल्यावर म्हणाले, "एवढा वेळ उभा राहून तुझ्यापर्यंत चालत आलोय. याहून वेगळा हयातीचा दाखला कसला मागतोस?"

गेल्या वर्षी आमच्या कन्येचा दहावीचा निकाल लागला. दुपारी एक वाजता मोबाइलवर आकडा आला, एकोणनव्वद टक्के. आमच्या घराण्यात याआधी एवढे टक्के फक्त बँकेच्या थकबाकीत बघितलेले. मोती चौकातून एक किलो कंदी पेढे आले. अण्णांना मधुमेह. त्यांनी दोन पेढे उचलले. ही ओरडली तर म्हणाले, "साखर तपासायची तर उद्या तपासा. आजची साखर नातीच्या नावावर आहे." मग तिला जवळ बसवून घेऊन गुणपत्रिकेवरचा एकेक आकडा स्वतः बेरीज करून बघितला. बोर्डावर त्यांचा विश्वास नव्हता. बेरीज जुळली तेव्हा म्हणाले, "बोर्ड सुधारलंय."

तिसऱ्या रात्री अण्णा झोपेतच गेले. वय ७९.

माणसं यायला लागली. आणि मग सुरू झालं. "सोनं झालं हो." "कोणाची सेवा घेतली नाही." "हाल झाले नाहीत, यासारखं भाग्य नाही." "वयही झालंच होतं." "नातीचा निकाल ऐकून, पेढा खाऊन गेले. आणखी काय हवं?" मी हो हो म्हणत होतो. आणखी काय हवं, याचं उत्तर माझ्याकडे होतं. मला अण्णा हवे होते. पण ते उत्तर त्या सतरंजीवर बसून देता येत नाही. तेव्हा मला त्या बाई आठवल्या. 'सायेब, सही कुठं करू?' म्हणाल्या होत्या त्या.

त्या सगळ्या गर्दीत एकच माणूस चुकला. खालच्या मजल्यावरचे काका. तेच ते, हेल्मेटवाले. ते आले, माझ्याशेजारी बसले आणि त्यांना एकदम आठवण झाली. म्हणाले, "अरे, पोरीचा निकाल लागला ना? किती पडले?" मी म्हटलं, "एकोणनव्वद." "वा!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की बायका आतून बाहेर डोकावल्या. मग त्यांचं लक्ष समोरच्या पणतीकडे गेलं आणि ते म्हणाले, "अरेरे!"

वा आणि अरेरे. एका श्वासात. सगळ्यांनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. पण आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या चार दिवसांत आमच्याकडे येऊन गेलेल्यांमध्ये हिशेब ज्याला कळत होता असा तेवढा एकच माणूस. त्यांनी जमा जमेला लिहिलं, नावे नावेला लिहिलं. एकातून दुसरं वळतं केलं नाही.

आता कोणी म्हणेल, यात एवढं बिघडलं काय? माणसं बिचारी धीर द्यायला येतात. आमची हीसुद्धा हेच म्हणते. "लोकांनी मग बोलायचं तरी काय? तोंडाला कुलूप लावून बसायचं? आणि हाल झाले नाहीत हे खरंच आहे ना?" खरं आहे. मी नाही म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं मी बघितली आहेत. अण्णा तसे गेले नाहीत याचा मलाही दिलासा आहे. पण तो दिलासा माझा मी, माझ्या वेळेला, जमेच्या बाजूला लिहीन. दुःखाची रक्कम पुरती लिहून व्हायच्या आत दुसऱ्याने तो त्यातून वजा करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि बिघडतं काय, तेही सांगतो. लोक आमच्या कन्येच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, "तुझ्या निकालासाठीच थांबले होते हो ते." चांगल्या मनानेच म्हणत होते. पोर गप्प होती. दहाव्या दिवशी रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, निकाल आठ दिवस उशिरा लागला असता तर आजोबा आठ दिवस थांबले असते का?"

बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुठल्याही पेपरात मला इतका अवघड प्रश्न आला नव्हता. कोणीतरी आपल्या समाधानासाठी दोन रकमा एकमेकींत वळत्या केल्या होत्या, आणि बाकी सोळा वर्षांच्या पोरीच्या नावावर टाकली होती. मी तिला सांगितलं, की असं काही नसतं, निकाल बोर्ड लावतं आणि मरण मरणाच्या वेळी येतं, त्या दोघांची ओळख नाही. तिने मान हलवली. पण तिला पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्या निकालाचा विषय मग घरात कोणी काढला नाही. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकून ठेवतात, तसे ते एकोणनव्वद टक्के आम्ही टाकून दिले. फ्रीजमध्ये अर्धा किलो पेढे तसेच होते. सुतकात गोड खायचं नाही आणि अण्णांनी ज्यातून पेढा उचलला तो पुडा टाकायचा धीर कोणाला होईना. शेवटी एका सकाळी तो पुडा दिसला नाही. मी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही.

नोव्हेंबर आला. पेन्शनरांची यादी माझ्या टेबलावर आली. अण्णांचा मृत्यूचा दाखला मीच जूनमध्ये नोंदवला होता, त्यामुळे नाव नसणार हे ठाऊक होतं. तरी मी ते पान काढलं. अण्णांच्या आधीचं नाव आणि अण्णांच्या नंतरचं नाव आता एकाखाली एक लागून आली होती. मध्ये रिकामी ओळदेखील नव्हती. यादी अगदी नीट जुळत होती.

त्या दिवशी बँकेतून निघालो तो मोती चौकात गेलो आणि एक किलो कंदी पेढे घेतले. घरी येऊन कन्येला म्हटलं, "चल, बिल्डिंगमध्ये पेढे वाटून येऊ."

"कशाचे?"

"तुझ्या दहावीच्या निकालाचे."

"आत्ता? बाबा, माझी अकरावीची सहामाही आली!"

"राहिलेली नोंद सापडली की त्या तारखेला करतात," मी म्हटलं, "तिला काही मुदत नसते."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पुडा उघडला, पहिला पेढा अण्णांच्या फोटोपुढे ठेवला आणि दुसरा स्वतः खाल्ला. कितीतरी महिन्यांनी तिने मला गणितात किती पडले होते ते आपणहून सांगितलं. पंच्याण्णव. मला ठाऊक होतं. तरी मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केला. तेवढ्यात ती रडायलाही लागली. मी तिला गप्प केलं नाही. "असू दे, आजोबा समाधानाने गेले," असंही म्हटलं नाही. पेढ्याचा हात तिने ओढणीला पुसला आणि आम्ही जिना उतरलो.

खालच्या मजल्यावर काकांनीच दार उघडलं. पोरीने पुडा पुढे केला. "निकालाचा पेढा," ती म्हणाली.

"वा!" काका ओरडले. पेढा तोंडात टाकला, चघळता चघळता त्यांना काहीतरी आठवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अरेरे," ते म्हणाले, आणि दुसरा पेढा उचलला.